थिंकपॅड टी४७० की टी४८०?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुने लॅपटॉप पाहायला गेलात की लेनोवोचे हे दोन थिंकपॅड शेजारीशेजारी मांडलेले दिसतात. बाहेरून जवळपास सारखेच. टी४७० स्वस्त मिळतो, म्हणून हात आधी तिकडेच जातो.

पण खरा फरक प्रोसेसरमध्ये आहे. टी४७० मध्ये इंटेलच्या सहाव्या किंवा सातव्या पिढीचा दोन कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा भाग) आय५ असतो, टी४८० मध्ये बहुतेकदा आठव्या पिढीचा, चार कोअरचा. व्हिडिओ कॉल चालू ठेवून एक्सेल आणि ब्राउझरच्या टॅब उघडल्या की हा फरक लगेच जाणवतो. शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनच चालते आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टी४७० वर लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) मात्र छान चालते. लिनक्स शिकणाऱ्या मुलांनी तो बिनधास्त घ्यावा.

रॅमचे दोन स्लॉट आणि बाहेरून काढता येणारी बॅटरी दोन्हींत आहे. चार्जिंगचे तसे नाही. टी४८० फक्त टाइप-सीवर चार्ज होतो, त्यामुळे त्याचे दोन्ही पोर्ट दुकानातच चार्जर लावून तपासा. टी४७० ला जुना चौकोनी पिनचा चार्जरही चालतो.

पैसे देण्याआधी बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना उघडणारा सेटिंग्जचा मेनू, उघडून पाहा. तिथे आधीच्या मालक कंपनीचा सुपरवायझर पासवर्ड (या सेटिंग्जना लावलेले कुलूप) राहिला असेल तर लॅपटॉप परत ठेवा. स्क्रीन फुल एचडी आहे का, तेही विचारा.

कॉलेज किंवा ऑफिससाठी मी टी४८० च सुचवेन, भले रॅम सध्या ८ जीबीच परवडो.