न्हावा शेवाला कधीच न आलेला पल्प

२०२२ साली आम्ही ब्राझीलहून १०० टन पल्प, म्हणजे कागद बनवायचा लगदा, मागवला. पैसे गेले, पल्प आला नाही. रक्कम ६९ हजार डॉलर, तेव्हाच्या भावाने साडेचोपन्न लाख रुपयांच्या आसपास. हे लिहू का म्हणून आधी दादाला विचारलं, कारण बँकेच्या फॉर्मवर सही त्याची होती आणि मूर्खपणा माझा.

रायगड जिल्ह्यात आमचं टिश्यूचं एक छोटं मशीन आहे. नॅपकिनचा कागद मऊ हवा असेल तर निलगिरीचा ब्लीच केलेला पल्प लागतो, आम्हाला तो ब्राझीलचा मिळतो. त्या वर्षी पल्पची नुसती बोंब होती. फिनलंडमध्ये यूपीएम या मोठ्या कागद कंपनीच्या मिलमध्ये १ जानेवारीपासून एप्रिलपर्यंत संप चालला होता, जहाजांची भाडी भडकलेली, रिकामे कंटेनर मिळत नव्हते. निलगिरीच्या पल्पचा भाव टनाला ८०० डॉलरच्या वर गेला. आमचे एजंट, वडिलांच्या वेळेपासूनचे, म्हणाले, "मिलने कोटाच कापलाय. पुढच्या महिन्यात एक कंटेनर देतो, जास्त मागू नका." एक कंटेनर म्हणजे २५ टन. आमचं त्यात भागत नव्हतं.

अशात मेल आली. ब्राझीलच्या एका नावाजलेल्या मिलच्या 'एक्स्पोर्ट डेस्क'कडून. एका गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली आहे, १०० टन मोकळे आहेत, सीआयएफ न्हावा शेवा, म्हणजे त्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा धरून, टनाला ६९० डॉलर. ३० टक्के आगाऊ, बाकीचे बीएलची (बिल ऑफ लेडिंग, माल जहाजावर चढल्याची पावती) कॉपी आल्यावर.

मी डोळे झाकून पैसे पाठवले असं कोणी समजू नका. मी तपास केला होता, आणि त्याचाच मला नंतर जास्त राग आला. ब्राझीलमध्ये प्रत्येक कंपनीला सीएनपीजे नावाचा १४ आकडी नंबर असतो, तो त्यांच्या कर खात्याच्या साइटवर कोणालाही बघता येतो. बघितला, बरोबर निघाला. एफएससी सर्टिफिकेटचा (लाकूड जबाबदारीने जपलेल्या जंगलातलं असल्याचा दाखला) कोड टाकला, तोही चालू होता. दादाला म्हटलं, सगळं क्लिअर आहे. आता कळतं की ते सगळं खरं असणारच होतं, कारण ते खऱ्या मिलचं होतं. मी मिल तपासली, मेल लिहिणारा माणूस नाही. त्याचा मेल आयडी मिलच्या नावापुढे 'एक्स्पोर्ट' जोडून डॉट कॉमवर संपत होता. मिलची स्वतःची साइट डॉट कॉम डॉट बीआर. बोलणं फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर.

खातं पोर्तुगालमधल्या बँकेचं होतं. आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते नंबर, पोर्तुगालच्या पीटीने सुरू होणारा. विचारलं तर म्हणाला, युरोपची वसुली आमच्या लिस्बन ऑफिसातून होते. मला ते पटलंसुद्धा! दोन्हीकडे पोर्तुगीजच बोलतात ना, म्हणून. माणूस एकदा घ्यायचं ठरवून बसला की समोरच्याला खोटं बोलायचे कष्टही पडत नाहीत, उत्तरं आपणच पुरवतो.

एजंटना मात्र सांगितलं नाही. त्यांचं कमिशन वाचत होतं, आणि एवढा स्वस्त माल आपण स्वतः शोधला याची घमेंडही होती. नंतर जेव्हा त्यांना फोन केला तेव्हा त्यांनी पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "कोटा कापलेल्या मिलकडे १०० टन पडून कसे असतील रे? आणि असलेच तर आधीची गिऱ्हाइकं सोडून ते तुला कशाला देतील?" दोन मिनिटांचं काम होतं.

जूनमध्ये २०,७०० डॉलर टीटीने, म्हणजे बँकेतून थेट, गेले. जुलैच्या शेवटी बीएल, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट अशी स्कॅन केलेली कागदपत्रं आली. सोबत जहाज कुठे आहे ते बघायची लिंक. नंबर टाकला तर सांतोसहून निघालेलं जहाज नकाशावर सरकताना दिसलं. ती साइटही त्यांनीच बनवलेली. शिपिंग लाइनची खरी साइट मी स्वतः उघडून बघितलीच नाही. शुक्रवारी उरलेले ४८,३०० डॉलर पाठवले.

सोमवारी कागद आमच्या सीएचएकडे, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटकडे, दिले. त्याने चार कंटेनर नंबर लिहून घेतले आणि तासाभरात फोन केला. "शेठ, यातले तीन डबे जगात नाहीयेत."

कंटेनर नंबर म्हणजे चार अक्षरं आणि सात आकडे. त्यातला शेवटचा आकडा मनाने घालता येत नाही, तो आधीच्या अक्षरा-आकड्यांवरून ठरलेल्या हिशोबाने निघतो. तीन नंबरांत तो चुकलेला होता. चौथा कंटेनर खरा निघाला, पण शिपिंग लाइनच्या साइटवर तो भलत्याच खंडात दिसत होता.

मग मी इन्व्हॉइस पुन्हा काढलं आणि स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पल्पचं बिल एअर ड्राय वजनावर करतात. ९० टक्के कोरडा, १० टक्के ओल असं धरायचं आणि प्रत्यक्ष ओल मोजून वजन काढायचं. त्यामुळे काट्यावरचं वजन वेगळं, बिलाचं वेगळं, आणि पुढे किलोचे वेडेवाकडे आकडे. आजवरचं आमचं एकही बिल गोल आकड्याचं नाही. यांच्या इन्व्हॉइसवर, पॅकिंग लिस्टवर, बीएलवर सगळीकडे १००.००० टन, ४०० गठ्ठे, आणि कोरडेपणाचा रकानाच नाही. मी हे कागद तीन वेळा वाचले होते. वाचताना नजर भावावर होती.

बँकेने त्याच दिवशी स्विफ्ट या बँकांच्या निरोप-यंत्रणेवरून पैसे परत मागवायचा निरोप धाडला. नऊ दिवसांनी उत्तर आलं, खात्यात शिल्लक नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, सायबर पोलिसांकडे एफआयआर झाला. तिथल्या अधिकाऱ्याने नीट ऐकून घेतलं, पण पहिला हप्ता जाऊन दीड महिना झालाय हे कळल्यावर पेन खाली ठेवलं. खऱ्या मिलला त्यांच्या साइटवरून लिहिलं. दुसऱ्या दिवशी सभ्य उत्तर आलं, या नावाचा कोणी आमच्याकडे नाही आणि आम्ही भारतात एजंटमार्फतच विकतो. हीच मेल मी मे महिन्यात करू शकलो असतो. फुकट होती.

एक गोष्ट मला आधी कोणी सांगितली नव्हती. आयातीचे आगाऊ पैसे बाहेर गेले की रिझर्व्ह बँकेच्या आयडीपीएमएस या यंत्रणेत तुमच्या नावावर नोंद होते, आणि माल आल्याचा पुरावा म्हणून बिल ऑफ एंट्री (कस्टमकडचा आयातीचा कागद) दिल्याशिवाय ती सहसा मिटत नाही. तेव्हा दोन लाख डॉलरच्या वरच्या आगाऊ रकमेला सहसा परदेशी बँकेची हमी लागायची. आमची रक्कम त्याच्या बरीच खाली, त्यामुळे तो अडसरही आला नाही. चोराला हे ठाऊक असावं असं मला वाटतं.

सहा महिने झाल्यावर बँकेची पहिली मेल आली. मी एफआयआरची कॉपी पाठवली. पुढच्या महिन्यात दुसरी आली, तोच मजकूर, खाली नवीन ऑफिसरचं नाव: १०० टन पल्पची बिल ऑफ एंट्री अद्याप प्राप्त झालेली नाही, कृपया त्वरित सादर करावी.