दोन गिटारींच्या मधली जागा : कॅट स्टीव्हन्स यांच्या ध्वनिमुद्रिका

कॅट स्टीव्हन्स, म्हणजेच १९७८ पासूनचे युसुफ इस्लाम, यांची गाणी बहुतेकांच्या कानावर सुटी सुटी पडलेली असतात. एखाद्या संकलनातली चार-पाच लोकप्रिय गाणी ऐकून ‘गोड चालींचा, हळव्या स्वभावाचा गायक’ असा शिक्का मारून श्रोता पुढे निघून जातो. या गीतकार-गायकाचे मोल ठरवायचे असेल, तर मूळ ध्वनिमुद्रिका सलग ऐकाव्या लागतात. तसे ऐकल्यावर माझे मत असे झाले आहे की चाली त्यांना सुरुवातीपासून सुचत होत्या, परंतु त्यांच्या कामाचा दर्जा प्रत्येक टप्प्यावर साथसंगतीने ठरवला. साथ जिथे विरळ आहे तिथे ते थोर वाटतात आणि जिथे ती दाटते तिथे चांगली चालसुद्धा गुदमरते.

१९४८ साली लंडनमध्ये जन्मलेल्या स्टीव्हन्स यांचे वडील सायप्रसचे ग्रीक आणि आई स्वीडिश होती. १९६७ मध्ये डेराम कंपनीने त्यांच्या ‘मॅथ्यू अँड सन’ आणि ‘न्यू मास्टर्स’ या दोन ध्वनिमुद्रिका काढल्या, तेव्हा त्यांनी विशीही ओलांडली नव्हती. निर्माते माइक हर्स्ट यांनी त्या काळच्या लंडनच्या रिवाजाप्रमाणे त्यांच्यामागे भरगच्च वाद्यवृंद उभा केला. ‘द फर्स्ट कट इज द डीपेस्ट’ हे पुढे अनेकांनी गायलेले गाणे याच काळातले आहे; पण इथे प्रत्येक ओळ संपताच पितळी वाद्ये इतक्या घाईने पुढे सरसावतात की गायकाला श्वास घ्यायलाही उसंत मिळत नाही. अभ्यासकाने ऐकाव्यात, इतरांनी वगळल्या तरी चालतील, अशा या दोन ध्वनिमुद्रिका आहेत.

त्यानंतर त्यांना क्षयरोगाने गाठले आणि दीर्घ काळ सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. १९७० मध्ये ‘मोना बोन जेकन’ घेऊन ते परतले, तेव्हा कंपनी आयलंड होती आणि निर्माते होते यार्डबर्ड्स या रॉक गटाचे पूर्वीचे बेस गिटारवादक पॉल सॅमवेल-स्मिथ. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शेजारी गिटार घेऊन ॲलन डेव्हिस बसलेले होते. स्टीव्हन्स यांचे गिटारवादन ठोकळ, जवळजवळ तालवाद्यासारखे आहे, तर डेव्हिस त्या ठोक्यांच्या फटींतून बारीक सुरावटी विणतात. हेडफोन लावून ऐकल्यास दोन्ही गिटारी वेगळ्या ओळखता येतात आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आवाज किती सहज बसतो हे लक्षात येते. ‘काटमांडू’ या गाण्यात पुढे रॉक गायक म्हणून गाजलेल्या, पण तेव्हा फारसे प्रसिद्ध नसलेल्या पीटर गेब्रिएल यांची बासरी आहे, आणि तीही अगदी हलक्या पावलांनी येते.

त्याच वर्षी आलेली ‘टी फॉर द टिलरमन’ ही त्यांची सर्वोत्तम ध्वनिमुद्रिका आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. तंतुवाद्ये इथेही आहेत, पण ‘इंटू व्हाइट’मधले व्हायोलिन शब्दांवर कुरघोडी करत नाही, आणि ‘सॅड लिसा’मध्ये पियानो पुढे असूनही आवाज एकटाच राहतो. ‘वाइल्ड वर्ल्ड’ची चाल कितीही वेळा ऐकलेली असली तरी तिच्यातला किंचित वडीलधारा सूर आज थोडा खटकतो, हेही नोंदवले पाहिजे. या संग्रहाचा कळस मात्र ‘फादर अँड सन’ हाच आहे. रशियन क्रांतीच्या पार्श्वभूमीवरील एका नियोजित संगीत नाटकासाठी हे गाणे रचले गेले. ते नाटक कधीच उभे राहिले नाही. स्टीव्हन्स एकाच गळ्यातून बापाला खालच्या पट्टीत आणि मुलाला वरच्या पट्टीत गातात. बाप शांत, समजुतीच्या सुरात बोलतो, तर मुलाचा आवाज ताणला जाऊन जवळजवळ फाटतो. पुढे दोघांचे शब्द एकमेकांवर चढतात, आणि चाल बहुतांशी तीच असल्यामुळे दोघांनाही आपापल्या जागी खरे मानावे लागते. नाटकातला प्रसंग चार मिनिटांच्या आत गाण्यात इतका नेमका बसवलेला मी तरी क्वचितच ऐकला आहे. संग्रहाचे नाव धारण करणारे शेवटचे गाणे जेमतेम एका मिनिटाचे असून अखेरीस समूहस्वर एकदम उसळतात. आधीच्या सगळ्या संयमामुळेच तो उसळता शेवट शोभतो.

१९७१ ची ‘टीझर अँड द फायरकॅट’ याच घडणीची, अधिक उजळ आणि किंचित कमी खोल आहे. ‘रुबीलव्ह’मध्ये बुझुकी हे ग्रीक तंतुवाद्य आणि एक ग्रीक कडवे आहे, म्हणजे वडिलांचे घर इथे थेट ऐकू येते. ‘मॉर्निंग हॅज ब्रोकन’चे शब्द एलिनॉर फार्जन यांचे आणि चाल जुनी स्कॉटिश आहे, मात्र ते गाणे लक्षात राहते ते रिक वेकमन यांच्या पियानोमुळे. भावगीतावर वाढलेल्या मराठी कानाला या दोन ध्वनिमुद्रिका परक्या वाटू नयेत, कारण शब्द स्पष्ट ऐकू येणे ही इथलीही पहिली अट आहे.

‘कॅच बुल ॲट फोर’ (१९७२) अमेरिकेत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली, तरी तिच्यात वाद्ये वाढू लागली आहेत आणि आवाजही विनाकारण जोर लावतो. ‘फॉरिनर’मध्ये (१९७३) सॅमवेल-स्मिथ यांना बाजूला ठेवून त्यांनी स्वतःच निर्मिती केली आणि पहिली संपूर्ण बाजू सुमारे अठरा मिनिटांच्या एका रचनेला दिली. धाडस मान्य केले तरी ती तीन-चार चांगल्या गाण्यांची सैल मोट वाटते. सत्तरच्या दशकातील उरलेल्या ध्वनिमुद्रिकांत सुटी गाणी चांगली आहेत, संग्रह नाहीत.

पॉप संगीतातील अठ्ठावीस वर्षांच्या खंडानंतर २००६ मध्ये ‘ॲन अदर कप’ आली. ती नीटनेटकी आहे, पण फार जपून केलेली आहे. माझ्या म्हणण्याची खरी कसोटी ‘द लाफिंग ॲपल’मध्ये (२०१७) लागते. सॅमवेल-स्मिथ आणि डेव्हिस यांना सोबत घेऊन युसुफ यांनी इथे १९६७ च्या काही रचना साध्या साथीवर पुन्हा गायल्या. ‘ब्लॅकनेस ऑफ द नाइट’ची दोन्ही रूपे लागोपाठ ऐकावीत, चाल तीच, पण दुसऱ्या खेपेस तिचा अर्थ पोचतो. याउलट २०२० मध्ये त्यांनी ‘टिलरमन’ पूर्ण नव्याने मुद्रित केली, तीत ‘वाइल्ड वर्ल्ड’ला रॅगटाइम या जुन्या अमेरिकी पियानोसंगीताची धाटणी आणि ‘लाँगर बोट्स’ला रॅपची जोड देण्याचा हौशी अट्टहास आहे. अपवाद ‘फादर अँड सन’चा : तिथे मुलाचा आवाज १९७० मधल्या त्यांच्याच जुन्या प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या मुद्रणातून घेतला असून बापाच्या ओळी सत्तरी ओलांडलेले युसुफ गातात. कल्पना ऐकताना युक्ती वाटते. गाणे ऐकताना ती पटते.

नव्या श्रोत्याने १९७० आणि १९७१ च्या तीन ध्वनिमुद्रिका आधी घ्याव्यात, त्यांना ‘द लाफिंग ॲपल’ जोडावी, आणि संकलन घ्यायचेच असेल तर ‘हॅरोल्ड अँड मॉड’ या चित्रपटासाठीची दोन गाणी, ‘डोंट बी शाय’ आणि ‘इफ यू वाँट टू सिंग आउट, सिंग आउट’, त्यात आहेत की नाहीत हे पाहून घ्यावे, कारण ती सत्तरच्या दशकातील त्यांच्या कोणत्याही संग्रहात नव्हती.