लग्नातली नऊवारी: नेसायची की शिवून घ्यायची?

लग्न ठरलं की नथ कुठली, मुंडावळ्या मोत्यांच्या की फुलांच्या, हे दोन-चार दिवसांत ठरून जातं. घोडं अडतं ते नऊवारीपाशी. आजी-आत्या म्हणतात नेसायची, मैत्रिणी म्हणतात शिवून घे. मी दोन्ही जवळून पाहिलंय. माझं सांगणं एवढंच, की आधी हातातली साडी बघा.

साडी जुनी, हातमागाची असेल तर तिला कात्री लावू देऊ नका. नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर सलग कापड. शिवताना त्याचे पायांसाठी, काष्ट्यासाठी, पदरासाठी तुकडे पडतात, काठ उसवून हवा तिथे बसवला जातो. त्याची पुन्हा साडी होत नाही. माझ्या आजीची जांभळी नऊवारी आम्ही मोठ्या हौसेनं ताईच्या लग्नासाठी शिवून घेतली. ताईला ती फार शोभली. दोन वर्षांनी धाकटीला तीच हवी होती, तर कमरेत बसेना आणि घोट्याच्या वर चार बोटं आखूड. आजीला ती साडी तिच्या लग्नात मिळालेली. पुढे आईनं नेसली, दोन्ही माम्यांनी नेसली, कुणालाच कमी-जास्त झाली नाही. ती कापली, याची मला आजही हळहळ वाटते.

नवी, यंत्रमागाची सेमी-पैठणी असेल तर खुशाल शिवा. तसंही ते सुळसुळीत कापड नेसायला त्रासच देतं, निऱ्या हातात ठरत नाहीत. शिवायला साडेपाच मीटरची सहावारीही चालते. नेसायला मात्र पूर्ण नऊवारीच लागते.

आता प्रत्यक्ष लग्नाचा दिवस. चांगली नेसवलेली नऊवारी सुटत नाही. सगळा भार कमरेच्या गाठीवर असतो. ती गाठ घट्ट, काष्टा मागे नीट खोचलेला आणि आत लेगिंग असेल तर मुलगी पाटावर तासभर आरामात मांडी घालून बसते. खरी ओढाताण लग्नगाठीनं होते. नवऱ्याच्या उपरण्याला पदर बांधला, की तो उठला रे उठला, इकडे खांद्यावरचा पदर खेचला जातो. म्हणून पदराला एकच पिन लावू नका. खांद्यावर दोन आणि आतून ब्लाउजला एक लावा, आणि गाठ मारताना पदर थोडा सैल सोडा. त्यापेक्षा शेल्याला गाठ मारली तर उत्तमच. अश्मारोहणात दगडावर पाय ठेवताना पुढे पोटाशी खोचलेला ओचा हलतो, तेव्हा जवळ एखादी जाणती बाई हवी.

शिवलेलीत ही धास्ती कमी. पाच मिनिटांत चढते, बाथरूमला जाताना कुणाला हाक मारावी लागत नाही. पण मागे काष्टा फुगतो, बसलं की निऱ्या गुडघ्यांवर पसरतात आणि नेसलेल्या साडीची ती अंगासरशी चापूनचोपून बसलेली घडी काही येत नाही. शिवणारे पेशवाई, मस्तानी, राजलक्ष्मी अशी पॅटर्नची नावं सांगतील, उभ्या मुलीचे फोटो दाखवतील. तुम्ही मात्र ट्रायलला मांडी घालून बसून बघा. कमरेला हुक न लावता नाडी ठेवायला सांगा आणि शिवणीत दोन इंच माया सोडायला लावा. लग्नाच्या धावपळीत वजन वर-खाली होतंच.

घरात नेसवणारं कुणीच नसेल, तर साडी नेसवून देणाऱ्या बायका हल्ली बऱ्याच ठिकाणी मिळतात. फक्त त्या मुहूर्ताच्या वेळेआधी येऊन नेसवून जातात, सप्तपदीपर्यंत थांबतील का हे आधीच विचारा. थांबणार नसतील आणि घरातल्या कुणाला काष्टाही सावरता येत नसेल, तर मी शिवलेलीच घ्या म्हणेन.

मन दोन्हीकडे ओढत असेल तर गौरीहराला मामानं दिलेली पिवळी अष्टपुत्री नेसा. तेव्हा सकाळची वेळ असते, हाताशी आत्या-मावश्या असतात. मंगलाष्टकांनंतर साडी बदलायला जेमतेम दहा मिनिटं मिळतात आणि बाहेरून गुरुजींच्या हाका सुरू होतात. त्या बदलासाठी शिवलेली ठेवा.

आणि नेसायचं ठरलं, तर आठवडाभर आधी एकदा घरी पूर्ण नेसून, हातात चुडा घालून, पाटावर अर्धा तास बसा. काय रुततं आणि कुठे सुटतं, ते तिथेच कळेल.