चित्रपट संपल्यानंतरचा तास : एका चित्रपट मंडळाचे परीक्षण

एखाद्या चित्रपट मंडळाविषयी लिहिताना त्याने वर्षभरात कोणकोणते चित्रपट दाखवले याची यादी पुढे ठेवण्याचा प्रघात आहे. मला मात्र ही कसोटी अपुरी वाटते, कारण ज्या चित्रपटांसाठी पूर्वी महिनोन् महिने वाट पाहावी लागे, त्यांतले बरेचसे आज घरच्या पडद्यावर सहज मिळतात. पूर्वीची गोष्ट वेगळी होती. लंडनमध्ये १९२५ साली सुरू झालेल्या फिल्म सोसायटी या चित्रपट मंडळाने, ब्रिटनमध्ये सार्वजनिक प्रदर्शनाला मनाई असलेला सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ १९२९ मध्ये आपल्या सभासदांना दाखवला. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये कलकत्ता फिल्म सोसायटी उभी केली, तीही एरवी दृष्टीस न पडणारे चित्रपट पाहता यावेत आणि त्यांच्यावर गांभीर्याने बोलता यावे, या ओढीने. चित्रपट मिळवण्याचे काम आता बरेच सोपे झाले आहे. बोलण्याचे काम मात्र होते तितकेच अवघड राहिले आहे. म्हणून मी ज्या मंडळात नियमितपणे जाते, त्याची पारख प्रामुख्याने चित्रपट संपल्यानंतर तिथे जे घडते त्यावरून करणार आहे.

त्याआधी प्रक्षेपणाविषयी सांगायला हवे, कारण पाहणेच सदोष असेल तर त्यावरची चर्चाही सदोषच होते. या मंडळाचे सभागृह लहान आहे, प्रोजेक्टर मध्यम दर्जाचा आहे, पण तो चालवणारे स्वयंसेवक अतिशय काटेकोर आहेत. जुना चित्रपट रुंदी आणि उंची यांच्या १.३७:१ या जवळजवळ चौरस प्रमाणात चित्रित झालेला असेल, तर तो त्याच प्रमाणात दिसतो. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहिले तरी पडदा भरून काढण्यासाठी चित्र ताणले जात नाही, की वरून-खालून कापलेही जात नाही. प्रोजेक्टरमधली, दोन मूळ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) मध्ये कृत्रिम चौकटी घालून हालचाल गुळगुळीत करणारी सोय ते आठवणीने बंद ठेवतात. सेकंदाला २४ चौकटी या वेगाने चित्रित झालेल्या हालचालीचा पोत या सोयीमुळे पार बदलून जातो, आणि अनेकांच्या घरचा टीव्ही नेमके हेच करत असतो, हे मला इथेच प्रथम समजले. मूकपटांच्या बाबतीतही हीच काळजी घेतली जाते. २४ चौकटींचा वेग बोलपटांबरोबर रूढ झाला. त्याआधीचे पुष्कळ चित्रपट कमी वेगाने चित्रित झाले होते, त्यामुळे ते सरसकट २४ च्या वेगाने चालवले की माणसे विनाकारण धावपळ करताना दिसतात. योग्य वेगाची प्रत मिळेपर्यंत एक मूकपट या मंडळाने पुढे ढकलला होता, आणि तो निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटला.

मध्यंतर नसते. श्रेयनामावली संपेपर्यंत दिवे लागत नाहीत. प्रत्येक चित्रपटासाठी हक्कधारकांकडून सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी घेतली जाते. घरगुती वापरासाठी विकत घेतलेली डिस्क किंवा कोणाचे तरी स्ट्रीमिंग खाते जोडून काम भागवले जात नाही. याचा खर्च वर्गणीतूनच होतो आणि त्याचा हिशेब सभासदांपुढे उघडपणे मांडला जातो.

आता चर्चेकडे वळते. दिवे लागल्यावर थोडा वेळ मोकळा सोडला जातो, आणि मग संयोजक एकच प्रश्न विचारतात : काय दिसले आणि काय ऐकू आले? पहिली पंधरा-वीस मिनिटे कोणीही चित्रपट आवडला की नाही, हे सांगायचे नसते. त्याचा अर्थ, त्यातला संदेश, दिग्दर्शकाचे इतर काम यांपैकी काहीही बोलायचे नसते. केवळ वर्णन करायचे असते. कॅमेरा कुठे होता, माणूस चौकटीच्या कोणत्या बाजूने आत आला, संवाद थांबल्यावर कोणता आवाज उरला, एखादे दृश्य संपले असे वाटत असतानाही ते किती वेळ चालू राहिले. नव्याने येणाऱ्याला हा नियम जाचक वाटतो. परंतु त्याचे फळ फार लवकर दिसते, कारण ‘मला कंटाळा आला’ या विधानावर दुसऱ्या कोणाला काही म्हणता येत नाही. ‘ती स्त्री दार उघडते तेव्हा कॅमेरा खोलीच्या आत आहे’ या विधानावर मात्र दहा जणांना बोलता येते. ते तपासता येते, कोणी दुरुस्त करू शकते, कोणी त्याला जोड देऊ शकते. शिवाय वर्णनाला पांडित्य लागत नाही. मंडळातल्या एक सभासद शिवणकाम करतात; नायिकेच्या कपड्यांची ठेवण चित्रपटभर कशी बदलत गेली, हे त्यांनी एकदा जितक्या नेमकेपणाने सांगितले, तितके चित्रपटांवरची पुस्तके वाचणाऱ्या आमच्यापैकी कोणालाही सांगता आले नव्हते.

या पद्धतीचा कस कसा लागतो हे सांगायला जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांच्या १९४९ सालच्या ‘लेट स्प्रिंग’वरची चर्चा पुरेशी आहे. त्यात विधुर वडील आणि त्यांची लग्नाला नाइलाजाने तयार झालेली मुलगी क्योतोला जातात. तिथे रात्री दोघे अंथरुणावर पडलेले असताना मुलगी बोलत राहते आणि वडिलांना झोप लागलेली असते. तिच्या चेहऱ्यावर हसू आहे. मग पडद्यावर एक फुलदाणी दिसते, तिच्या मागे कागदी सरकत्या दारावर झाडाच्या सावल्या पडल्या आहेत. पुन्हा मुलीचा चेहरा येतो, आणि आता ती रडण्याच्या बेतात आहे. पुन्हा तीच फुलदाणी, आणि या खेपेस ती आणखी रेंगाळते. अमेरिकन समीक्षक व दिग्दर्शक पॉल श्रेडर यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या दृश्याविषयी लिहिले, आणि पुढे अभ्यासकांमध्ये त्यावर पुष्कळ वाद झाला. आमच्या सभागृहातल्या बहुतेकांना त्या वादाची कल्पना नव्हती, आणि संयोजकांनीही ती सुरुवातीला दिली नाही.

वर्णनाच्या फेरीत एकाने ठामपणे सांगितले, की मुलगी फुलदाणीकडे पाहते आणि त्या फुलदाणीच्या स्थिरपणामुळे तिला रडू येते. दुसऱ्या एका सभासदाला फुलदाणी एकदाच आल्याचे आठवत होते. तिसऱ्याला सावल्या आठवत होत्या, फुलदाणी आठवतच नव्हती. तेव्हा या मंडळाच्या रिवाजाप्रमाणे तो प्रसंग पुन्हा दाखवण्यात आला, आधी आवाजासह आणि मग आवाजाशिवाय. मुलगी उताणी पडून वर पाहते आहे, तिची नजर फुलदाणीकडे वळल्याचे चित्रपट कुठेही दाखवत नाही, ही गोष्ट सगळ्यांच्या एकदमच लक्षात आली, आणि तिथून चर्चेचा सारा रोखच बदलला. ती जर पाहत नसेल, तर फुलदाणीकडे पाहतो आहे कोण? आपणच. हसू आणि रडू यांच्यामधला बदल दिग्दर्शकाने चेहऱ्यावर घडताना दाखवलाच नाही. तो घडत असताना आपल्याला दुसरीकडे पाहायला लावले, असे एका महाविद्यालयीन मुलीने म्हटले. त्यावर एका वृद्ध सभासदांनी हरकत घेतली, की हे केवळ संकलनाचे कौशल्य मानले तर त्या शांततेचे मोल उरत नाही. माणसाचे दुःख आणि भोवतालचे जग यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, हेच त्यातून जाणवते. दोघांपैकी कोणीही माघार घेतली नाही आणि तशी अपेक्षाही नव्हती. अभ्यासकांची मते त्यानंतर सांगण्यात आली, आणि आपण स्वतः पाहून झाल्यावर ती ऐकण्यात जो आनंद होता, तो आधी ऐकून मग पाहण्यात खचितच मिळाला नसता.

निवडलेला एक प्रसंग पुन्हा पाहणे ही माझ्या मते या मंडळाने सभासदांना दिलेली सर्वांत मोठी गोष्ट आहे. आपली स्मृती चित्रपटाचे किती वेगाने पुनर्लेखन करते, हे एकट्याने पाहताना कळत नाही, कारण तिथे आपल्याला अडवणारे कोणी नसते. एकत्र पाहणाऱ्यांत मात्र प्रत्येकाची आठवण निराळी निघते, आणि मग पडदाच साक्षीला बोलवावा लागतो.

इतके सांगितल्यावर उणिवाही तितक्याच स्पष्टपणे मांडायला हव्यात. सभागृहाची जमीन सपाट आहे आणि पडदा खाली लावलेला आहे, त्यामुळे मागच्या रांगांतून उपशीर्षके पुढच्यांच्या डोक्यांआड जातात. परभाषेतल्या चित्रपटांना इतके प्राधान्य देणाऱ्या मंडळात ही अडचण किरकोळ मानता येणार नाही. पडदा हातभर वर घेतला तरी ती बरीचशी दूर होईल, आणि हे अनेकांनी सुचवूनही अद्याप झालेले नाही.

दुसरी तक्रार प्रास्ताविकाची. चित्रपटापूर्वीचे निवेदन पाच मिनिटांचे असावे असे ठरलेले असताना पाहुणे वक्ते आले की ते पाऊण तासापर्यंत लांबते, कथानकातली महत्त्वाची वळणे सांगून टाकली जातात, आणि अखेरीस वेळेची काटछाट होते ती चर्चेतूनच. ज्या मंडळाची सारी ताकद चर्चेत आहे, त्याने हे होऊ देणे मला मनापासून खटकते. तेच भाषण चित्रपटानंतर ठेवले, तर वक्त्यांनाही जाणत्या श्रोत्यांपुढे बोलता येईल.

चर्चेच्या उत्तरार्धात काही ज्येष्ठ सभासदच बोलत राहतात, हाही दोष आहे. वर्णनाच्या फेरीत सगळ्यांना मिळणारी समान जागा, मते मांडण्याची वेळ आली की आकसते. संयोजक विनयशील आहेत आणि कोणाला थांबवणे त्यांना जड जाते. तरीही एकदा बोललेल्या व्यक्तीने इतर सर्वांना संधी मिळेपर्यंत थांबावे, एवढा साधा नियम त्यांनी करायला हवा. चित्रपटांच्या निवडीबद्दल म्हणाल, तर ती दर्जेदार आहे पण विसाव्या शतकाच्या मध्यावर रेंगाळणारी आहे. माहितीपट क्वचित येतात, लघुपट त्याहून क्वचित, आणि स्त्री दिग्दर्शकांचे काम तर वर्षाच्या यादीत शोधावे लागते. निरीक्षणाची इतकी उत्तम शिस्त लागलेल्या प्रेक्षकवर्गासमोर आजचे, अजून कोणीही मान्यता न दिलेले चित्रपट ठेवले, तर त्या शिस्तीची खरी परीक्षा होईल, आणि मला ती पाहण्याची फार उत्सुकता आहे.

चित्रपट पाहून लगेच घरी जाण्याची सवय असणाऱ्यांना या मंडळाची वर्गणी कदाचित सार्थकी लागल्यासारखी वाटणार नाही, कारण प्रक्षेपण चांगले असले तरी आसने साधी आहेत. ज्यांना पाहिलेल्या गोष्टीवर बोलायचे आहे आणि दुसऱ्याचे ऐकून आपले मत पुन्हा तपासायचे आहे, त्यांना मी हे मंडळ निःसंकोचपणे सुचवेन. प्रथम येणाऱ्यांनी पहिल्या तीन रांगांत जागा धरावी, दारात मिळणारे माहितीपत्रक चित्रपट संपेपर्यंत घडी घालून ठेवावे, आणि परतीची घाई ठेवू नये. पुन्हा दाखवायचा प्रसंग बहुधा अगदी शेवटी निवडला जातो, आणि सभागृह बंद करण्याची वेळ झाली तरी तो पाहिल्याशिवाय कोणी उठत नाही.