उत्तर ठाऊक असलेला तपास : स्थानिक नाट्यसंस्थेचा ‘राजा ईडिपस’

ज्या नाटकाचा शेवट बहुतेक प्रेक्षकांना पडदा उघडण्यापूर्वीच ठाऊक असतो, ते उभे करताना दिग्दर्शकाला सर्वांत जास्त जपावे लागते ते पात्रांचे अज्ञान. सोफोक्लीझने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ‘राजा ईडिपस’ लिहिले तेव्हाही ही दंतकथा अथेन्सच्या प्रेक्षकांच्या परिचयाची होती. ईडिपसच्या हातून नकळत झालेला पित्याचा वध आणि मातेशी विवाह या दोन्ही गोष्टी नाटक सुरू होण्याआधीच घडून गेलेल्या असतात आणि रंगमंचावर चालतो तो केवळ त्यांचा तपास. स्थानिक हौशी कलावंतांनी केलेला हा प्रयोग, पुढे काय उघड होणार याची पात्रांना खरोखर कल्पना नाही असे जिथे वाटते, तिथे घट्ट पकड घेतो. इतरत्र तो सैल पडतो.

सैलपणा सर्वांत जास्त जाणवतो तो नेमका मुख्य भूमिकेत. ईडिपस साकारणाऱ्या नटाचा आवाज भरदार आणि शब्दफेक स्वच्छ आहे. परंतु रोगराईने हैराण झालेले नागरिक राजवाड्यापुढे जमतात त्या पहिल्याच प्रवेशात तो खांदे पाडून, जड पावलांनी बाहेर येतो. स्फिंक्स या राक्षसीचे कोडे सोडवून थीब्ज नगर वाचवलेला आणि याही वेळी उत्तर आपणच शोधू अशी खात्री बाळगणारा हा राजा आहे. आधीचा राजा लायस, म्हणजे त्याचाच पिता, याच्या मारेकऱ्याला तो देतो तो शाप न्याय करण्याच्या तडफेतून आला, तरच तो कोणावर उलटणार आहे हे ठाऊक असलेला प्रेक्षक अस्वस्थ होतो. इथे मात्र शाप उच्चारतानाच नटाचा गळा दाटून येतो, आणि राजाची शोकांतिका त्याला स्वतःला कळण्याआधी नटाला कळलेली दिसते.

याउलट अंध द्रष्टा टायरेसियस आणि म्हातारा मेंढपाळ या दोन्ही भूमिका एकाच नटाकडे सोपवण्याचा निर्णय अतिशय नेमका आहे. मूळ ग्रीक प्रयोगांत सगळ्या बोलक्या भूमिका तीनच नट मुखवटे बदलून करीत असत; येथे कदाचित नटांच्या तुटवड्यामुळे तसे करावे लागले असेल, पण त्यातून अर्थ निघाला आहे. दोघांनाही सत्य माहीत आहे, दोघेही ते सांगायला तयार नाहीत आणि दोघांनाही राजा धमकावून बोलायला लावतो. द्रष्ट्याचा ताठा आणि मेंढपाळाची गाळण या दोन टोकांमधले अंतर या नटाने वेशभूषेवर विसंबून न राहता केवळ आवाजाच्या पट्टीतून उभे केले आहे.

प्रयोगाचा सर्वांत उंच क्षण मात्र योकास्तेचा, म्हणजे ईडिपसची राणी आणि आई असलेल्या पात्राचा आहे. कॉरिंथचा दूत येतो तो आनंदाची बातमी घेऊन, राजाच्या मनातली भीती घालवायला. आणि त्याच्याच बोलण्यातून सारे फिरते. ॲरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’मध्ये कलाटणीचे उदाहरण म्हणून हाच प्रसंग घेतला आहे. दूत तान्ह्या ईडिपसच्या टोचलेल्या घोट्यांचा उल्लेख करतो तेव्हा योकास्ता रंगमंचावर असते, पण तिला वाक्य नाही. अशा जागी बरेच नट अंग चोरून उभे राहतात. ही अभिनेत्री दूताकडे चालत जात असते; घोट्यांचे नाव निघताच ती थांबते आणि पुढचा सारा वेळ ईडिपसकडे न पाहता उभी राहते. दिग्दर्शकाने तिच्यावर वेगळा प्रकाशझोत टाकला नाही, हे विशेष. पुढे ‘आता शोध थांबव’ अशी ती विनवणी करते ती राणी म्हणून की आई म्हणून, हे तिने बुद्ध्याच धूसर ठेवले आहे.

सोफोक्लीझच्या वृंदात, म्हणजे नागरिकांच्या वतीने बोलणाऱ्या कोरसमध्ये, पंधरा जण असत; येथे सहा आहेत आणि ते पुरेसे आहेत. त्यांना एका सुरात बोलायला लावण्याऐवजी ओळी वाटून दिल्यामुळे, राजावर विश्वास ठेवावा की द्रष्ट्यावर या पेचात सापडलेले नागरिक दिसतात. मात्र मागे बसलेल्यांना या सहांपैकी दोघांचे शब्द नीट ऐकू येत नाहीत. नेपथ्य म्हणजे तीन पायऱ्या आणि एक दार, आणि तेवढेच हवे होते.

खटकते ते पार्श्वसंगीत. योकास्तेचा गळफास आणि ईडिपसने तिच्या वस्त्रावरील पिनांनी फोडून घेतलेले डोळे प्रेक्षकांपुढे घडत नाहीत; ते राजवाड्यातून आलेला दूत सांगतो आणि त्याच्या शब्दांतूनच ते दिसायला हवे. तरुण नटाने हे कथन थंडपणे, जवळजवळ साक्ष नोंदवल्यासारखे केले आहे. त्याखाली सतत घुमणाऱ्या सिंथेसायझरने त्याचे निम्मे काम वाया घालवले.

शेवट संहितेला धरून आहे. ईडिपस हद्दपारी मागतो, पण योकास्तेचा भाऊ क्रेऑन त्याला मुलींपासून दूर करून पुन्हा त्याच दारातून आत नेतो. आपल्या हातात आता काहीच उरले नाही हे राजाला उमगते त्या या प्रवेशात नटाची मघाची जड पावले प्रथमच योग्य वाटतात. त्यानंतर वृंदाने प्रेक्षकांकडे तोंड करून म्हटलेल्या समारोपाच्या ओळी, ज्या सोफोक्लीझच्याच आहेत का याविषयी काही अभ्यासकांनी शंका घेतली आहे, पुढच्या प्रयोगात गाळल्या तरी चालतील. दार बंद होताच नाटक संपलेले असते.