टेबल टेनिसच्या मॅचवर प्रेडिक्शन मार्केट : ॲप झकास, पण समोर गिऱ्हाईकच नाही

ॲपचं नाव लिहीत नाहीये कारण खाली तक्रारी आहेत आणि उगाच कशाला लफडं. अमेरिकेत काल्शी, पॉलिमार्केटमुळे हा प्रकार आता सगळ्यांना माहितीये, त्याच जातीतलं एक समजा. मी न्यू जर्सीत असतो, टीटी (म्हणजे टेबल टेनिस) कॉलेजपासून खेळतोय, त्यामुळे डब्ल्यूटीटीच्या, म्हणजे वर्ल्ड टेबल टेनिस ह्या व्यावसायिक स्पर्धामालिकेच्या मॅचेस यात दिसल्यावर हात शिवशिवणारच ना.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. "अमुक खेळाडू जिंकेल का?" असा प्रश्न असतो, त्याच्या 'हो' आणि 'नाही'ची किंमत १ ते ९९ सेंट (अशा एका 'हो' किंवा 'नाही'ला कॉन्ट्रॅक्ट म्हणतात), बरोबर आलं तर १ डॉलर मिळतो, चुकलं तर शून्य. बुकीकडे तुम्ही बुकीच्या विरुद्ध खेळता, इथे दुसऱ्या माणसाच्या विरुद्ध, म्हणजे शेअर बाजारासारखी बोली लावायची आणि मॅच चालू असताना विकूनही टाकता येतं. वर जिंकणाऱ्याचं अकाउंट बुकी आवळतो तसं इथे होत नाही, हा मोठा प्लस पॉइंट.

ॲप दिसायला मस्त आहे, खरंच. ऑर्डर बुक (कोण किती भावाला घ्यायला-विकायला तयार आहे त्याची यादी) स्वच्छ, भावाचा आलेख लगेच हलतो, पैसे टाकणं दोन मिनिटांचं काम. ह्याला चार स्टार. पण टीटीसाठी म्हणाल तर दोन, आणि ते का ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे मार्केटमध्ये माणसंच नाहीत. एनबीए, एनएफएलला गर्दी असते, पण एखाद्या स्टार कंटेंडरच्या (डब्ल्यूटीटीची मधल्या दर्जाची स्पर्धा) पहिल्या राऊंडला जर्मन विरुद्ध कोरियन मॅच असेल तर कोण येणार? मी बघितलं तेव्हा घ्यायचा भाव ३८ सेंट आणि विकायचा ३३. ५० कॉन्ट्रॅक्ट घेतले म्हणजे १९ डॉलर गेले, आणि मन बदललं म्हणून लगेच विकले तर अडीच डॉलर तिथेच साफ, शिवाय येताना-जाताना दोन्ही वेळा फी, म्हणजे १९ मधले चारेक डॉलर बॉल टेबलवर पडायच्या आधीच उडाले. फी बुकीपेक्षा कमी अशी जाहिरात करतात ती खोटी नाहीये, पण हा मधला पाच सेंटचा खड्डा जाहिरातीत कुठेच नसतो.

दुसरं म्हणजे लाइव्ह. इथे खरी गंमत आहे. टीटीत रॅली तीन-चार सेकंदात संपते, दर पंधरा-वीस सेकंदाला एक पॉइंट, आणि तुमचा व्हिडिओ मात्र मागे असतो. मला स्क्रीनवर ९-९ दिसतंय, सर्व्हिस अजून व्हायचीये, आणि भाव धपकन ५२ वरून ६१ वर! म्हणजे पॉइंट झाला, तो कोणी घेतला, सगळं मला भावावरून आधी कळतं आणि रॅली नंतर दिसते. ज्यांच्याकडे थेट टेबलाजवळून स्कोअर येतो त्यांचे बॉट केव्हाच खरेदी करून मोकळे. गेम १०-१० ला गेला की त्याहून भारी, बोल्या लावणारे सगळे ऑर्डर मागे घेतात, एकीकडे ४१ आणि दुसरीकडे ५८, मधे काहीच नाही. पुढचे दोन पॉइंट गेमचा निकाल लावू शकतात हे त्यांनाही कळतं, त्यामुळे कशाला रिस्क घेतील. ज्या क्षणी ट्रेड करावासा वाटतो नेमका त्याच क्षणी दुकान बंद. टाइमआउटच्या त्या एका मिनिटात थोडी हालचाल होते, बाकी नाही.

मग टीटी कळणाऱ्याला काहीच फायदा नाही का? तर आहे, पण मॅच सुरू व्हायच्या आधी. मार्केट बहुतेक रँकिंग बघून भाव लावतं आणि आपल्या खेळात बॅटवरचं रबर, डावखुरा-उजवा, सर्व्हिस ह्याने गणित फिरतं. २०२४ च्या फेब्रुवारीत बुसानला वर्ल्ड टीम चॅम्पियनशिपमध्ये आपल्या अयहिका मुखर्जीने तेव्हाच्या नंबर वन सुन यिंगशाला हरवलं, श्रीजा अकुलाने चीनच्याच वांग यिदीला ३-० ने घरी पाठवलं (दोन संघांमधली पूर्ण लढत मात्र चीननेच ३-२ ने घेतली). त्याच वर्षी पॅरिस ऑलिम्पिकला चीनचा वांग चुचिन नंबर वन असून सिंगल्समध्ये स्वीडनच्या मोरेगार्डकडून हरला, आदल्या दिवशी मिक्स्ड डबल्सचं गोल्ड जिंकल्यावर फोटोग्राफरांच्या गर्दीत त्याची बॅट मोडली होती. अशा गोष्टी रँकिंगच्या आकड्यात कुठून येणार?

एक चांगलं सांगायचं तर ह्या ॲपवर फक्त डब्ल्यूटीटी आणि मोठ्या स्पर्धा आहेत. चेक आणि युक्रेनमधल्या त्या दिवसरात्र चालणाऱ्या लीग, ज्या २०२० मध्ये कोविडमुळे बाकी सगळं बंद असताना बेटिंगवाल्यांनी डोक्यावर घेतल्या, त्या इथे नाहीत. तेच तेच खेळाडू दिवसात चार-चार मॅच खेळणार आणि हॉलमध्ये प्रेक्षक नाही, तिथे मी एक सेंटही लावणार नाही.

आता तक्रार. एका मॅचमध्ये समोरचा खेळाडू दुखापतीने मधेच सोडून गेला, माझा जिंकला, अधिकृत निकाल लगेच लागला. ॲपवर मात्र मार्केट "रिव्ह्यूमध्ये", पैसे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अडकलेले. सपोर्टला लिहिलं तर नियमांची लिंक चिकटवून मोकळे, आणि त्या नियमात मॅच सुरू व्हायच्या आधीच्या वॉकओव्हरबद्दल लिहिलंय, मधे सोडून जाण्याबद्दल एक ओळ नाही! पैसे आले शेवटी, पण डोकं फिरलं ना राव. तुम्ही कुठलंही ॲप वापरत असाल तर प्रत्येक मार्केटखाली बारीक अक्षरात सेटलमेंटचे नियम असतात, ते आधी वाचा, टीटीत दुखापतीने माघार काही दुर्मिळ नाही.

पुण्या-मुंबईचे मित्र विचारतात म्हणून सांगतो, तिकडे हे चालणार नाही. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन गेम बंद झाले, प्रोबो ह्या तिकडच्या अशाच ॲपनेही तेव्हाच पैशांचा खेळ थांबवला. व्हीपीएन लावून इकडची ॲप उघडायच्या भानगडीत पडू नका, पैसे अडकले तर रडायलाही जागा नाही. इकडेसुद्धा काल्शीला अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कमिशनची (वायदे बाजारावर देखरेख करणारं सीएफटीसी) परवानगी आहे तरी खेळांच्या कॉन्ट्रॅक्टवरून राज्यांशी कोर्टकचेरी झालीच.

मी अजून वापरतो, पण लाइव्ह बंद. आदल्या रात्री ड्रॉ बघायचा, मला पटेल त्या भावाला लिमिट ऑर्डर (ह्याहून महाग नको अशी बोली) टाकायची, लागली तर लागली, नाही तर मॅच नुसती बघायची. मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला लगेच घ्या, अशी) मात्र चुकूनही टाकू नका, एवढ्या रिकाम्या बुकात ती कुठल्या भावाला जाऊन चिकटेल सांगता येत नाही.