२४ इंची की २७.५ इंची? लेकीबरोबर शर्यतीत उतरण्यापूर्वी

पालक आणि मूल अशा जोडीने माउंटन बाइकच्या शर्यतीत उतरायचे ठरले की पहिला प्रश्न येतो तो मुलाच्या सायकलचा. पालकाची सायकल बहुधा आधीपासूनच पॅसेजमध्ये उभी असते आणि तिच्यावरून घरात व्हायचे ते वाद होऊन गेलेले असतात. दहा ते बारा वर्षांच्या, साधारण १४० सेंटीमीटर उंचीच्या मुलासाठी मात्र दोन वाटा समोर येतात : मुलांसाठीच बनवलेली २४ इंची चाकांची सायकल, किंवा मोठ्यांच्या २७.५ इंची सायकलची सर्वांत लहान फ्रेम. या वयात दोन्हींवर बसता येते, आणि घोळ तिथेच होतो. माझी लेक अकरा वर्षांची आहे, उंची १४१ सेंटीमीटर, वजन ३३ किलो. गेल्या वर्षभरात तिने दोन्ही सायकली चालवल्या, आणि तिच्या मागेपुढे मी.

मोठी सायकल डोंबिवलीहून भाच्याकडून आली. त्याला ती लहान झाली होती, पैसे द्यायचे नव्हते आणि ‘आणखी पाच वर्षे बघायला नको’ हे वाक्य घरात सर्वांना पटले. मुलांच्या वस्तू वाढत्या अंगाच्या घ्याव्यात, हा संस्कार आपल्यावर गणवेशापासून झालेला असतो. पण कपड्याच्या शिवणीत माया ठेवता येते, सायकलच्या फ्रेममध्ये ती सोय नाही, हे समजायला मला तीन महिने आणि एक शर्यत लागली. २४ इंची सायकल त्यानंतर मुलुंडमधल्याच एका कुटुंबाकडून जुनी घेतली.

मोठ्या चाकाचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. ते दगडावरून सहज जाते, खड्ड्यात कमी अडकते आणि सपाट मातीच्या रस्त्यावर एकदा वेग धरला की तो टिकवून ठेवते. उतारावर लेक मोठ्या सायकलवर अधिक निर्धास्त दिसे, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. चाकाच्या मध्यावरच्या चकतीला धरणारे डिस्क ब्रेकही तिला त्याच सायकलवर मिळाले. पावसाळ्यात त्यांचे मोल कळते, कारण २४ इंची सायकलचे व्ही-ब्रेक चिखल लागला की रिमवर खरवडत राहतात आणि ब्रेकचे रबर बघता बघता झिजते. केवळ चालत्या सायकलचा विचार करायचा असता, तर मी कदाचित मोठीच ठेवली असती.

अडचण थांबल्यावर सुरू होते. ठाण्यातल्या उपवन तलावापासून येऊरकडे चढणारा डांबरी रस्ता हा आमच्या सरावाचा. जंगलातल्या पायवाटा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत असल्याने परवानगीवाचून तिथे सायकल घालता येत नाही. या चढावर रविवारी सकाळी चालायला आलेली माणसे असतात, समोरून येणारी गाडी वळणावर अचानक दिसते आणि मूल थांबते. मोठ्या सायकलचा मधला दांडा जमिनीपासून ७१ सेंटीमीटरवर आहे आणि लेकीच्या पायांची आतली उंची ६४. म्हणजे सीटवरून पुढे उतरून दोन्ही पाय टेकून उभे राहणे तिला शक्यच नाही. सायकल एका बाजूला कलती करून, एका पायाच्या चवड्यावर भार देऊन तिला तोल सांभाळावा लागे. तेवढे ती शिकली. पण चढावर त्या अवस्थेतून पुन्हा निघायचे म्हणजे एक पॅडल वर आणायचे, त्यावर जोर देऊन अंग उचलायचे आणि सायकल मागे घसरण्याआधी दुसरा पाय जागेवर न्यायचा. मोठ्यांच्या सायकलचा क्रँक, म्हणजे ज्याच्या टोकाला पॅडल असते तो दांडा, बहुधा १७० मिलिमीटरचा असतो. वरच्या पॅडलवर पाय ठेवला की तिचा गुडघा जवळजवळ छातीला लागे आणि त्या कोनातून पायाला जोरच मिळत नसे. ‘बाबा, टेकतच नाही’ आणि ‘बाबा, धर ना’ ही दोन वाक्ये मी त्या तीन महिन्यांत इतकी ऐकली, की रात्री झोपेतही सीट धरायला हात पुढे गेला असता.

घरच्या रस्त्यावर हे खपून गेले. मग हिवाळ्यात घाटावरच्या एका छोट्या शर्यतीत आम्ही पालक-मूल गटात उतरलो. सुमारे चार किलोमीटरच्या दोन फेऱ्या होत्या आणि जोडीतील दुसरा स्वार रेषा ओलांडेल ती जोडीची वेळ, असा नियम होता. दुसऱ्या फेरीत एका अरुंद चढावर पुढचा मुलगा सायकलवरून उतरून चालू लागला, त्यामुळे लेकीला थांबावे लागले. मी वीस-पंचवीस पावले पुढे होतो. माझी सायकल गवतात आडवी टाकून मागे धावत आलो, तिची सीट धरली, ती बसली, मी ढकलले, ती निघाली, आणि मग मी माझ्या सायकलकडे धावलो. तोवर मागून आलेल्या तीन जोड्या आम्हाला ओलांडून गेल्या. त्या फेरीत असे पाच वेळा झाले. किती वेळ गेला हे मी मोजलेले नाही. परंतु शर्यत संपल्यावर माझे पाय सायकल चालवण्यापेक्षा धावण्याने अधिक दुखत होते, एवढे खात्रीने सांगू शकतो.

२४ इंची सायकलचा दांडा खाली आणि क्रँक १५२ मिलिमीटरचा. पहिल्याच रविवारी येऊरच्या चढावर ती तीनदा थांबली आणि तिन्ही वेळा मला हाक न मारता निघाली. तिसऱ्यांदा मी मागे वळून पाहिले तेव्हा तीच मला म्हणाली, ‘थांबू नकोस, चल.’ माझ्या लेखी निर्णय तिथे झाला.

बाकीचे मुद्दे त्यामानाने दुय्यम, तरी वजनाबद्दल थोडे लिहायला हवे. मोठी सायकल १४ किलोंची, लहान साडेअकरा. अडीच किलोंचा फरक आपल्याला किरकोळ वाटतो, पण १४ किलो म्हणजे ३३ किलोंच्या मुलीच्या वजनाचे चार दशांशांहून अधिक; माझ्या ७४ किलोंच्या देहाला त्याच हिशेबाने ३१ किलोंची सायकल चढावर न्यावी लागली असती. मोठ्या सायकलच्या पुढच्या सस्पेन्शनची स्प्रिंग मोठ्या माणसाच्या वजनासाठी बेतलेली असल्याने लेकीच्या हाताखाली ती फारशी दबतच नसे, म्हणजे ते वजन निव्वळ ओझे होते. लहान सायकलला पुढचे चाक धरणारा फोर्क साधा, स्प्रिंग नसलेला आहे आणि टायरमध्ये १८ ते २० पीएसआय हवा ठेवली की हादऱ्यांची तक्रार येत नाही. चाक लहान असल्यामुळे त्याच गिअरवर पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे १२ टक्के कमी अंतर जाते, याचा चढावर फायदाच होतो. सपाटीवर ती मागे पडते हे खरे. पण जोडीच्या शर्यतीत माझा वेग तसाही तिच्या वेगाला बांधलेला असतो. दक्षिण आफ्रिकेत २००४ पासून होणाऱ्या केप एपिक या दोघांच्या संघांच्या शर्यतीत तर जोडीदारांनी एकमेकांपासून दोन मिनिटांपेक्षा जास्त दूर जायचे नाही असा नियमच आहे, आणि तिथे दोघेही कसलेले स्वार असतात.

२४ इंची घेणाऱ्याने एका कटकटीची मात्र तयारी ठेवावी. दोघांची चाके सारखी असली की एकच जादा ट्यूब पुरते. आता मला दोन मापांच्या ट्यूब बाळगाव्या लागतात. मोठ्या मापाची ट्यूब २४ च्या टायरमध्ये कोंबली तर घडी पडते आणि तिथेच ती पुन्हा फुटते. टायरचा प्रकार आणखी मासलेवाईक आहे. एका दुकानातून ‘चोवीसचा द्या’ म्हणून आणलेला टायर घरी रिमवर चढेचना. २४ इंच या नावाखाली ५४० मिलिमीटरच्या रिमचाही टायर येतो आणि माउंटन बाइकला ५०७ लागतो, हे त्या दिवशी कळले. बाजूवर छापलेला आकडा वाचल्याशिवाय आता मी पैसे काढत नाही.

आपले मूल १५० सेंटीमीटरच्या आसपास पोहोचले असेल, किंवा शर्यतीचा मार्ग बहुतेक सपाट आणि रुंद असेल, तर माझे म्हणणे बाजूला ठेवून मोठी सायकल घ्यायला हरकत नाही. दोन वर्षांत २४ इंची विकण्याची खटपट तरी वाचेल. तरीही घेण्यापूर्वी मुलाला दुकानाबाहेरच्या एखाद्या उतरत्या गल्लीत न्यावे, चढाकडे तोंड करून थांबायला सांगावे आणि आपण हात न लावता ते निघते का पाहावे. दुकानातल्या सपाट फरशीवर सगळ्याच सायकली बऱ्या वाटतात.

भाच्याची सायकल मी परत केलेली नाही. ती पॅसेजमध्ये खुंटीला टांगलेली आहे आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लेक ती खाली काढायला लावते, दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहते आणि मला वाकून टाचा बघायला सांगते. या महिन्यात त्या अजून चार बोटे वर होत्या.